वास गेला, बाजार राहिला : धारावीच्या चामड्याचं प्रकरण

सायनहून वांद्र्याकडे निघालं की काळा किल्ल्याच्या आसपास संत रोहिदास मार्गावर चामड्याची दुकानं लागतात. काचेमागे पर्स, पट्टे, जॅकेटं, लॅपटॉपच्या बॅगा. आत एसी, गल्ल्यावर कार्ड घेणारं मशीन. दुकानांच्या मागच्या गल्ल्यांत शिलाई मशीनचा आवाज दिवसभर चालू असतो. धारावी ही कातडी कमावणाऱ्यांची वस्ती होती असं नवख्या माणसाला सांगितलं तर त्याला ते पटेलच असं नाही, कारण त्या धंद्याची सर्वात मोठी खूण, म्हणजे वास, आता तिथे नाही.

जगभरातल्या चामड्याच्या आणि बुटांच्या गावांची गोष्ट बहुतेक वेळा एकाच वळणाने जाते. मुख्य धंदा गेला की त्याच्या आधारावरचे धंदेही जातात, मग तरुण जातात, शेवटी एखादं संग्रहालय उरतं. धारावीतून मूळ धंदा, म्हणजे टॅनरी (कातडी कमावण्याचे कारखाने), १९७०नंतर निघून गेल्या. तरीही चामड्याचा बाजार तिथेच राहिला, आणि वाढला. हे कसं झालं आणि पुनर्विकासानंतरही तो टिकेल का, या दोन प्रश्नांसाठी हे प्रकरण मांडतो आहे.

कोणालाच नको असलेली जागा

धारावी मुळात कोळ्यांची. १९०९च्या मुंबई गॅझेटियरमध्ये शहरातल्या सहा मोठ्या कोळीवाड्यांत तिचं नाव आहे. काळा किल्ला त्याहून जुना, १७३७चा, गव्हर्नर जॉन हॉर्नच्या काळातला. पुढे खाडी भरत गेली, मासेमारी आटली आणि उरली ती चिखलाची, सखल, शहराच्या टोकाची जमीन. त्या काळचं शहर माहीमला संपायचं. खाडीपलीकडे वांद्र्याला कत्तलखाना होता. धारावीत पहिली टॅनरी १८८७ साली आली असं सांगतात. ती इथेच का आली, याचं उत्तर सरळ आहे. कच्चं कातडं हाकेच्या अंतरावर, पाणी आणि सांडपाण्याला खाडी, आणि तक्रार करणारा शेजारी कोणी नाही.

कातडं कमावणं म्हणजे काय हे पुष्कळांना माहीत नसतं, म्हणून थोडं थांबतो. मिठात दाबून आणलेलं कातडं आधी पाण्यात भिजवायचं, मग चुन्याच्या कुंडात काही दिवस ठेवायचं, म्हणजे केस सुटतात. केस खरवडायचे. उलट्या बाजूचं मांस आणि चरबी दोन मुठींच्या सुरीने तासून काढायची. चुना धुऊन काढायचा. मग बाभळीची साल, हिरडा यांच्या पाण्यात कातडं आठवडेच्या आठवडे मुरवायचं. नंतर क्रोमियमच्या मिठांची पद्धत आली आणि आठवड्यांचं काम फिरत्या ड्रममध्ये एखाद्या दिवसावर आलं. पाणी मात्र सुटलं नाही. एक किलो कातड्यामागे तीस-चाळीस लिटर पाणी लागतं आणि ते सगळं घाण होऊन बाहेर पडतं. जोडीला चुना, सडके केस, चरबी. हे काम करणाऱ्याच्या हाताला चुन्याने भेगा पडतात आणि अंगाचा वास आंघोळीने जात नाही.

गावगाड्यात हे काम जातीजातींत वाटलेलं होतं. मेलेलं जनावर महाराने ओढायचं, कातडं ढोराने कमावायचं, वहाण चांभाराने शिवायची. मोबदल्यात बलुतं आणि अस्पृश्यता, दोन्ही. मुंबईत बलुतं सुटलं, त्याच्या जागी रोख मजुरी आली. अस्पृश्यता तेवढ्या सहज सुटली नाही, पण निदान गिऱ्हाईक बदलता येऊ लागलं. महाराष्ट्रातले ढोर आणि चांभार धारावीत आले, तसे तिरुनेलवेलीकडचे तमिळ मुसलमानही आले. टॅनरींचा मोठा भाग या तमिळ व्यापाऱ्यांच्या हातात होता. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे टॅनरी कुठे गेल्या याचं निम्मं उत्तर तिच्यात आहे.

धारावीत संत रोहिदास मार्ग आहे, तसाच संत ककय्या मार्गही आहे. ककय्या बाराव्या शतकातले, बसवेश्वरांच्या शरणांपैकी, ढोर समाजाचे संत. रोहिदास काशीचे. दक्षिणेतला एक आणि उत्तरेतला एक असे चामड्याचे दोन संत एकाच वस्तीत रस्त्यांच्या नावांवर आहेत. वस्ती कोणी उभी केली हे या पाट्या सांगतात. ते वाचायला इतिहासकार लागत नाही.

१९७१

त्या वर्षी कत्तलखाना वांद्र्याहून देवनारला गेला. शहर वाढलं होतं, वांद्रे आता टोक राहिलं नव्हतं. ज्या कारणाने धारावीला टॅनरी आल्या ते कारण खाडीपलीकडून उठून पूर्वेला गेलं. शिवाय माहीम-सायनच्या मधोमध आलेल्या या वस्तीत कुंडं आणि ड्रम चालू ठेवणं महापालिकेला नको होतं. टॅनरींवर बाहेर पडण्याचा दबाव वाढत गेला.

त्याच सुमारास दिल्लीत दुसरा निर्णय झाला, ज्याची आठवण धारावीच्या गोष्टीत फारशी काढली जात नाही. १९७२च्या सीतारामय्या समितीनंतर केंद्र सरकारने कच्च्या आणि अर्धवट कमावलेल्या कातड्याच्या निर्यातीवर बंधनं घातली. हेतू असा की तयार चामडं आणि तयार माल बाहेर जावा, मजुरी देशात राहावी. धोरण म्हणून बरोबरच होतं. पण अर्धकच्चा माल विकून जगणाऱ्या छोट्या टॅनरीला आता ड्रम, रंग, फिनिशिंगची यंत्रं असा मोठा खर्च करणं भाग होतं. जिथून कधीही उठवतील अशा जागेवर इतका पैसा कोण घालेल?

तमिळ व्यापाऱ्यांना परत जायला तमिळनाडू होता. वाणियंबाडी, आंबूर, राणीपेट या तिथल्या पट्ट्यात चामड्याचा धंदा जुना होता. टॅनिंग तिकडे सरकलं. चेन्नई, कानपूर, कोलकात्याहून तयार चामडं धारावीत येऊ लागलं. पूर्वी इथून चामडं बाहेर जायचं, आता बाहेरून आत यायला लागलं.

मुंबईने याला प्रदूषणमुक्ती म्हटलं. मला ती अर्धीच वाटते. चुना आणि क्रोमियम नाहीसे झाले नाहीत, ते त्याच पट्ट्यातल्या पालार नदीच्या काठी गेले. वेल्लोर सिटिझन्स वेल्फेअर फोरमच्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या टॅनरींना फटकारलं, भरपाई द्यायला लावली. पर्यावरण कायद्याच्या अभ्यासक्रमात तो निकाल हमखास शिकवला जातो. धारावीचा वास गेल्याचं कौतुक करताना तो कुठे गेला, हेही त्याच पानावर लिहायला हवं.

पाचशे पाकिटं

मग मागे काय राहिलं? आतापर्यंत आपण चामड्याचा धंदा असा एकच धंदा धरून बोललो. प्रत्यक्षात धारावीत तीन धंदे एकमेकांना चिकटून होते: कमावणं, चामड्याचा व्यापार आणि वस्तू शिवणं. पहिला गेला. त्याला पाणी, कुंडं, जागा लागत होती. उरलेल्या दोघांना लागत होती ओळख आणि जवळीक. ती कोणी हलवली नव्हती.

ही जवळीक म्हणजे काय हे एका कल्पित ऑर्डरवरून बघू. समजा दादरच्या एका कंपनीला दिवाळीत भेट द्यायला पाचशे पाकिटं हवी आहेत, आत कंपनीचं नाव दाबलेलं. ऑर्डर घेणाऱ्या कारखानदाराकडे (इथे दहा बाय पंधराच्या खोलीलाही कारखानाच म्हणतात) चार शिलाई मशीन आहेत आणि सहा-सात माणसं. तो आधी चामड्याच्या व्यापाऱ्याकडे जातो. गोट, शीप, बफ (म्हशीचं) असे गठ्ठे भिंतीला लावून ठेवलेले. माल फुटावर, म्हणजे चौरस फुटावर विकला जातो. एका पाकिटाला फूट-दीड फूट धरायचं, वर डाग, चिरा, गोचिडीच्या खुणा टाळण्यासाठी थोडं जास्त. पैसे आज नाहीत, दिवाळीनंतर. व्यापारी देतो, कारण तो त्याला वीस वर्षं ओळखतो.

मग डाय. पाकिटाच्या प्रत्येक भागाचा पोलादी पट्टीचा साचा बनवणारा वेगळा. त्या साच्याने प्रेसवर तुकडे कापून देणारा वेगळा. कडा पातळ करायला स्कायविंग करावं लागतं, नाहीतर दुमडल्यावर पाकीट जाड दिसतं. ते मशीन महाग, म्हणून गल्लीत एकजण फक्त तेच काम करतो, नगावर पैसे घेतो. अस्तराचं कापड एका दुकानात, चेन आणि बटणं दुसऱ्या. नाव दाबून देणारा तिसरीकडे, बहुधा एखाद्या जिन्याखाली. कारखान्यात आल्यावर सोल्युशन (चिकटवायचा द्रव) लावून पेस्टिंग, मग शिलाई, मग कडांना रंग, धागे कापणं, तपासणी. खोके बनवणारा पुन्हा बाहेरचा. एवढी दारं, पण सगळी पायी. एखादी कडा चुकली तर हमाल, टेम्पो, पावती काहीही न लागता पोरगा पिशवीत शंभर तुकडे घेऊन स्कायविंगवाल्याकडे पळतो आणि तासाभरात परत येतो.

या व्यवस्थेत कोणाकडेच सगळी यंत्रं नसतात, आणि तीच तिची ताकद आहे. नव्या माणसाला धंदा सुरू करायला दोन मशीन आणि ओळख पुरते. मोठ्या कंपनीला पाचशे नग हा नमुन्याचा माल वाटतो, धारावीत ती चांगली ऑर्डर असते. या वस्तीच्या उलाढालीचा 'अब्ज डॉलर'वाला आकडा तुम्ही वाचला असेल. तो कोणी, कसा मोजला हे कधी नीट सांगितलेलं मला दिसलं नाही, म्हणून इथे तो वापरत नाही. ज्या गल्लीत अर्धा व्यवहार उधारीच्या वहीत चालतो तिथे असा गोल आकडा संशयानेच बघावा.

उणी बाजूही तेवढीच ठळक आहे. मजुरी नगावर. भविष्यनिर्वाह निधी नाही, रजा नाही. सोल्युशनचा वास बंद खोलीत दिवसभर नाकात. कारागीर बरेचदा त्याच खोलीत झोपतो. ऑर्डर नसली की घरी. २०२०च्या टाळेबंदीत 'घरी' म्हणजे बिहार-उत्तर प्रदेश. सगळं बंद असताना या साखळीत मजुराची जबाबदारी नेमकी कोणाची, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं, कारण साखळीला मालकच नव्हता.

बूट मात्र दुसरीकडे

चामड्याचा एवढा मोठा बाजार असून धारावी बुटांची का झाली नाही? पट्टा, पाकीट, बॅग हा तिचा मुख्य माल. मुंबईत बूट-चपला बनवणाऱ्यांची मोठी वस्ती आहे ती कुर्ला-चेंबूरच्या मधली ठक्कर बाप्पा कॉलनी.

कारण फर्म्यात आहे. बुटाला लाकडाचा किंवा प्लास्टिकचा फर्मा, म्हणजे पायाच्या आकाराचा साचा, लागतो, त्यावर अप्पर (बुटाचा वरचा भाग) ताणून बसवावं लागतं. प्रत्येक डिझाइनला, प्रत्येक नंबरला, डाव्या-उजव्या पायाला वेगळा. सहा ते दहा नंबरांचे, दोन-तीन ठेवणींचे फर्मे ठेवायचे म्हटले की खोलीची एक भिंत गेली. मग सोल, टाच, आतला तळ, दाब देणारं मशीन. शिवाय मालाचा धोका. पाकीट सगळ्यांच्या खिशात बसतं, बूट नाही. आठ नंबर संपतो, सहा नंबर धूळ खात राहतो. म्हणून जोडा बनवणाऱ्याला शेजारी पाकीटवाला असून उपयोग नसतो, त्याला फर्मेवाला आणि सोलवाला हवा. ठक्कर बाप्पा कॉलनीत राजस्थान, उत्तर प्रदेशातून आलेल्या चर्मकार कुटुंबांनी ती साखळी उभी केली. मोठ्या शोरूममध्ये ब्रँडच्या डब्यात दिसणारी पुष्कळ पादत्राणं अशाच खोल्यांत तयार होतात.

कॉलनीच्या नावाचीही एक गोष्ट आहे. अमृतलाल ठक्कर मुंबई महापालिकेत अभियंता होते. शहराचा कचरा कुर्ल्याकडे वाहून नेणाऱ्या रेल्वेचं काम त्यांच्याकडे होतं. तिथे त्यांनी सफाई कामगारांच्या वस्त्या पाहिल्या, १९१४ साली नोकरी सोडली आणि भारत सेवक समाजात गेले. पुढे हरिजन सेवक संघाचे सरचिटणीस झाले. आज हार्बर लाइनवर कुर्ला ते चेंबूर बसून जाणाऱ्याला क्वचितच ठाऊक असतं की हा मार्ग १९०६ साली कचरा नेण्यासाठी सुरू झाला आणि माणसं न्यायला लागला ती १९२४मध्ये.

लिनचं उदाहरण

अमेरिकेत बॉस्टनच्या उत्तरेला लिन नावाचं शहर आहे. एकेकाळी ते बुटांचं शहर म्हणून ओळखलं जायचं. सुरुवातीला तिथले चांभार घरामागच्या खोपटांत काम करत, साधारण दहा बाय दहा फुटांच्या. बायका घरी अप्पर शिवत, पुरुष खोपटात तळ बसवत. मग शिलाईची यंत्रं आली, काम कारखान्यात गेलं, मजुरी पडली. २२ फेब्रुवारी १८६०ला, जॉर्ज वॉशिंग्टनच्या वाढदिवशी, लिनच्या कारागिरांनी मोठा संप सुरू केला. तरीही एक काम हाताचंच राहिलं होतं, अप्पर फर्म्यावर ताणून बसवण्याचं. यान मॅटझेलिगर या सुरिनामहून आलेल्या कृष्णवर्णीय कारागिराने १८८३ साली त्याचंही यंत्र बनवलं. कुशल माणूस दिवसाला पन्नास जोड बसवायचा, यंत्र दीडशे ते सातशे. विसाव्या शतकात बुटांचे कारखाने स्वस्त मजुरीच्या मागे निघून गेले. शहराला जनरल इलेक्ट्रिकचा आधार उरला.

हे उदाहरण इतक्यासाठी की खोपट ते कारखाना हा प्रवास लिनने केला, धारावीने केलाच नाही. ज्याचं छप्पर एक, त्याची किल्लीही एका माणसाच्या हातात. ती फिरली की शहर बंद. मुंबईकराला हे लिनकडून शिकायला नको, गिरणगावात १९८२च्या संपानंतर त्याने ते डोळ्यांनी पाहिलं आहे. धारावीला कुलूप लावणं अवघड गेलं, कारण कुलूप लावायला एक दरवाजाच नव्हता. याला कोणी दूरदृष्टी म्हणू नये. जागा, भांडवल, कायदेशीर मालकी यांतलं काहीच नसल्यामुळे झालेली ही रचना आहे.

गेल्या दहा वर्षांत

२०१५च्या मार्चपासून महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. गायीची आधीपासून, १९७६च्या कायद्याने होतीच. त्यातली १९९५ची दुरुस्ती वीस वर्षं राष्ट्रपतींच्या मंजुरीसाठी पडून होती. म्हशीचं आणि बकऱ्याचं कातडं चालू राहिलं, तेव्हा कागदावर धारावीचं फार बिघडायला नको होतं. प्रत्यक्षात वाहतूक करणारे घाबरले. रस्त्यात अडवणारा माणूस गठ्ठा म्हशीचा की बैलाचा हे पारखत बसत नाही. मग नोटाबंदी आली, आणि रोखीवर चालणाऱ्या वहीची साखळीच अडली. त्यानंतर जीएसटी. शेवटी चीनचा रेक्झिनचा माल, जो दिसायला चामडं आणि भावाला निम्म्याहून कमी. आज संत रोहिदास मार्गावर 'लेदर' लिहिलेल्या दुकानातही प्रत्येक वस्तू चामड्याचीच असेल असं धरून चालू नये. चामडं खरं आहे हे पटवायला काडी पेटवून दाखवणारे विक्रेते असतात, तीही कसोटी पक्की नाही.

याच काळात मराठी चांभार आणि ढोर कुटुंबांतली पुढची पिढी या कामातून मोठ्या प्रमाणात बाहेर पडली. बँकेत, महापालिकेत, शाळेत, आयटीत गेली. मशीनवर आता बहुधा बिहार-उत्तर प्रदेशचा कारागीर असतो, कित्येकदा चर्मकार जातीबाहेरचा. 'परंपरा लोप पावत आहे' असा सूर लावणारे लेख येतात. मला तो सूर मान्य नाही. चुन्याच्या कुंडात हात घालावा लागू नये म्हणून तीन पिढ्या शिकल्या, त्यात हळहळण्यासारखं काय आहे? परंपरेची काळजी करायचीच तर फुटपाथवरच्या गटई कामगाराची, म्हणजे चपला-बूट दुरुस्त करणाऱ्याची, करावी. चर्मोद्योग महामंडळ १९७४पासून आहे, गटई कामगारांना पत्र्याचे स्टॉल देण्याची सरकारी योजनाही आहे, तरी रस्ता रुंद करताना पहिला उचलला जातो तो तोच स्टॉल.

पुनर्विकास

२०२२च्या नोव्हेंबरमध्ये अदानी समूहाची ५,०६९ कोटींची बोली सर्वात मोठी ठरली आणि धारावीचा पुनर्विकास, जो २००४पासून फायलीत होता, प्रत्यक्षात हलू लागला. पात्रतेचा ढोबळ नियम असा: तळमजल्यावर, १ जानेवारी २०००च्या आधीपासून असलेल्याला धारावीतच ३५० चौरस फुटांचं घर. वरच्या मजल्यावरच्यांसाठी धारावीबाहेर, भाडे-खरेदी तत्त्वावर.

आता पाचशे पाकिटांकडे परत जा. चामड्याचा व्यापारी तळमजल्यावर आहे, रस्त्याला लागून. तो कागदपत्रांत बसतो. शोरूमवालाही बसतो. पण स्कायविंगवाला पोटमाळ्यावर आहे, भाड्याने, २०००नंतर आलेला. डाय कापणारा ज्या खोलीत बसतो तिचा वीजमीटर दुसऱ्याच्या नावावर. नाव दाबून देणारा जिन्याखाली आहे, आणि जिना म्हणजे काही गाळा नव्हे. शिवणारे सहा कारागीर कोणाच्याच यादीत नाहीत, कारण ते तिथे राहतात आणि कामही करतात, पण राहण्याचा पुरावा गावाकडच्या आधार कार्डावर आहे.

सर्वेक्षण खोल्यांचं होतं. एक दार, एक क्रमांक, एक फाइल. या हिशेबात शोरूम आणि व्यापारी जागेवर राहतील आणि त्यांच्यामधली आठ-नऊ दारं मुलुंड, कुर्ला किंवा आणखी कुठे विखुरतील. प्रत्येकाला स्वतंत्रपणे नियमाप्रमाणे न्याय मिळालेला असेल, पण कडा चुकलेले शंभर तुकडे घेऊन पळणाऱ्या पोराला लोकल पकडावी लागेल. १९७१ साली कत्तलखाना गेला तेव्हा साखळीचं एक टोक तुटलं होतं आणि बाकीची जागेवर होती. या वेळी उलट आहे, टोकं राहतात आणि मधलं जातं.

यावर उपाय अवघड आहे, अशक्य नाही. व्यावसायिक सर्वेक्षणात प्रत्येक कारखानदाराला एक जादा प्रश्न विचारायचा: तुमचं काम रोज कोणाकोणाकडे जातं? त्या उत्तरांवरून गट पाडायचे, आणि गाळे देताना खोलीला नव्हे तर गटाला जागा द्यायची, एकाच इमारतीत, माल चढवायच्या लिफ्टसह आणि सोल्युशनचा वास बाहेर काढणाऱ्या पंख्यासह. भाडेकरूला मालकी नको असेल तर भाड्याचाच गाळा द्या, पण त्याच मजल्यावर. असं काही करायचं तर ते आराखडा कागदावर असतानाच. एकदा गाळ्यांचे क्रमांक लागले की स्कायविंगवाल्याला आपला क्रमांक मागायला खिडकीच उरत नाही, कारण फाइलमध्ये तो मुळात नव्हताच.